दोन वर्षांत विषय दुसऱ्यांदा सरकला. हा गोंधळ आहे की असंच असतं?

खडू_आणि_लोकल

नमस्कार. मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात राहते, दिघ्याच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौदा वर्षं शिकवतेय आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय, अर्धवेळ. अर्धवेळ हा विद्यापीठाचा शब्द. माझ्या घरी तो वेळ रात्री साडेदहानंतर उगवतो, ओटा आवरून झाल्यावर. पूर्वी ऐरोलीला उतरून रिक्षाने मागे यावं लागायचं. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, रिक्षाचे पैसे वाचले आणि गाडीतलं वाचन गेलं. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून गाडी सुटली की पुढचंच स्टेशन आमचं. पिशवीतून लेख काढून चष्मा पुसेपर्यंत उतरायची वेळ होते.

तर प्रश्न असा. पुढच्या महिन्यात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण आहे आणि माझा विषय नोंदणीपासून दुसऱ्यांदा सरकलाय.

नोंदणीच्या वेळी दिलेलं शीर्षक: 'स्मार्ट बोर्डच्या वापराचा इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर होणारा परिणाम: एक प्रायोगिक अभ्यास'. कुणी गळ्यात मारलेलं नाही, माझंच. शोधगंगेवर बसून इतरांचे प्रबंध चाळले, त्यात सगळ्यात कमी डोकेदुखी कशात आहे ते पाहिलं आणि तसला एक विषय उचलला. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, अ तुकडी प्रायोगिक गट, ब तुकडी नियंत्रित गट, टी-मूल्य काढायचं, पाच प्रकरणं, बाइंडिंग. प्रत्यक्षात झालं असं की नियंत्रित गट मधल्या सुट्टीत खिडकीला लटकून बोर्डवरचे व्हिडिओ बघायचा, आणि जुलैत वर्गाचा कोपरा गळायला लागल्यावर माझा स्वाश्रयी चल, म्हणजे तो बोर्डच, अडीच महिने निळ्या प्लॅस्टिकखाली झाकून होता.

पण विषय सुटला तो त्यामुळे नाही. पूर्वचाचणीला बसलेली सात मुलं उत्तरचाचणीला नव्हती. पद्धतीप्रमाणे ती नमुन्यातून वगळायची असतात. वगळली. आणि मग दोन रात्री झोप नाही, की अरे, ही गेली कुठे? गावाला गेलेली नाहीत, नाव कमी केलेलं नाही, दुसऱ्या दिवशी बाकावर हजर. म्हणून दुसरा विषय: अधूनमधून गळणारी हजेरी. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सलग महिनाभर मूल आलं नाही तर ते कागदावर शाळाबाह्य ठरतं, बालरक्षक शिक्षक त्याला शोधायला बाहेर पडतो. आठवड्याला एक-दोन दिवस गळणारं मूल मात्र कुठल्याच यादीत येत नाही. ३० सप्टेंबरच्या पटावर ते असतं, संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं त्यात) मोजलं जातं, निकालात पास असतं.

मी एक दोनशे पानी वही केली. हजेरीपत्रकात गैरहजेरीची खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहायचं की मूल कुठे होतं. 'का नाही आलास' विचारलं की मुलं पोटात दुखत होतं म्हणतात. 'काल कुठे होतास' विचारलं की खरं सांगतात. उत्तरं यायची: रेशनला. दवाखान्यात. बँकेत. आईबरोबर. मी मठ्ठपणे सगळ्या उत्तरांपुढे 'घरकाम' असं लिहीत गेले. त्याच सुमाराला बाईंना (माझ्या मार्गदर्शक) वर्गवारीचा एक तक्ताही नेऊन दाखवला.

मग दिवाळीआधीची पालक सभा. चौथीतला एक मुलगा. घरी गोरमाटी (बंजाऱ्यांची भाषा, लमाणी) बोलतात, गाव विजापूरकडचा तांडा. वडील बिगारी, आई सकाळी नाक्यावर उभी राहते. आईचं मराठी 'हो बाई', 'नाही बाई' एवढंच. त्यामुळे मुलगाच आमच्या दोघींच्या मध्ये उभा, एक हात बाकावर, दुसरा शर्टाच्या सुटलेल्या बटणाशी. मी माझं नेहमीचं सुरू केलं: भागाकार येत नाही, वही अपुरी, आठवड्याला दोन दांड्या, असंच चाललं तर पाचवीत अवघड आहे, घरी लक्ष द्या. चांगलं लांबलचक, आवाजही जरा चढा. त्याने ते पाच-सहा शब्दांत उरकलं. आईने माझ्याकडे बघून हात जोडले आणि गेली.

मला शंका आलीच. "काय सांगितलंस रे?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"तेच म्हणजे?"

जरा वेळ बटण फिरवलं. "बाई म्हणतात, ह्याला संध्याकाळी बल्बखाली बसू द्या."

मी असलं काहीच म्हणाले नव्हते. त्या वेळी रागच आला. पंधरा दिवसांनी मतदार यादीच्या कामाला त्याच वस्तीत गेले. (बीएलओच्या कामाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत, पण माझं पहिलं फील्डवर्क तेच.) दहा बाय दहाची खोली, एकच बल्ब, शेगडीच्या वर. बल्बखाली गोणपाट पसरलेलं, त्यावर दप्तर. धाकटी बहीण गोणपाटाच्या कडेपर्यंत यायची आणि थांबायची. आईने माझ्याकडे बोट दाखवलं, मग गोणपाटाकडे, मग मुलीकडे, आणि मान हलवली. तुम्ही सांगितलंत ना, म्हणून.

घरी येऊन वही पहिल्यापासून वाचली. 'घरकाम' लिहिलेल्या निम्म्याहून जास्त नोंदी घरकामाच्या नव्हत्याच. मुलं आईवडिलांसाठी बोलायला गेलेली. रेशन दुकानात ई-केवायसी, दवाखान्यात केसपेपर, बँकेत खातं का बंद पडलं ते विचारायला. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरायला रांगा होत्या, त्या आठवड्यांत वहीची पानंच्या पानं भरली आहेत. पटावरच्या ३४ पैकी ९ जण हे काम नेमाने करतात. घरी गोरमाटी, वडारी, कन्नड, अवधी; बाहेर मराठी आणि हिंदी; मध्ये दहा वर्षांचं पोर. आणि भागाकार न येणारा हाच मुलगा रेशनच्या दुकानात माणशी पाच किलो, पाच जणांचे पंचवीस, त्यात तांदूळ इतके म्हणजे गहू इतके, असा काट्याकडे बघत तोंडी हिशेब करतो. मी स्वतः मागे उभं राहून ऐकलंय.

आता मला ह्या मुलांवरच काम करायचंय. बाईंना सांगितलं. त्या वाईट नाहीत, नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "आवड म्हणजे विषय नव्हे. शिवाय हे भाषाशास्त्रवाल्यांचं काम. तुझ्या प्रबंधात शिक्षण कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. हे खरंच शिक्षणशास्त्रात बसतं का? समितीपुढे तिसरा विषय घेऊन गेले तर ही बाई भरकटलीय असंच वाटेल ना? की गुपचूप स्मार्ट बोर्डकडे परत जावं? बोर्ड आता चालू झालाय.

टी_मूल्य

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बाई बरोबर बोलतायत.

तुम्ही जे लिहिलंय ते ललित लेख म्हणून उत्तम आहे. दिवाळी अंकाला द्या. प्रबंधाला लोकसंख्या लागते, नमुना लागतो, साधन लागतं, त्या साधनाची विश्वसनीयता काढावी लागते. ९ मुलं आणि एक बल्ब यावर पीएच.डी. होत नाही. मी स्वतः सांख्यिकीचं काम करून देतो, दरवर्षी चार-पाच जण असे येतात, शेवटच्या वर्षी आवड सापडलेले. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, महिलांना वर दोन वर्षांची सवलत. ऐकायला भरपूर वाटतं. नोकरी, घर आणि बीएलओ धरून हिशेब करा.

मधला मार्ग सांगतो. दुसरा विषय घ्या, गैरहजेरी. दहा शाळा, प्रश्नावली, कारणांची वर्गवारी, त्यात 'पालकांसाठी दुभाषी म्हणून जाणे' हे एक कारण. काय टक्का निघतो ते बघा. टक्का मोठा निघाला तर तुमचा मुद्दा आपोआप सिद्ध.

जुना_अधिव्याख्याता

ताई, मी शिक्षक-प्रशिक्षणात बत्तीस वर्षं काढली आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळच वेळ. तुमचं दोनदा वाचलं.

विषय दोनदा सरकला असं तुम्ही म्हणता. मला तर तो एकाच दिशेने चाललेला दिसतो. बोर्डावरून चाचणीवर, चाचणीतून गळालेल्या मुलांवर, आणि ती जिथे गेली तिथे त्यांच्या मागोमाग. समितीला हीच वाट दाखवा. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या साधनाला काय दिसलं नाही ते सांगितलंत की झालं. सात मुलं नमुन्यातून वगळली, हे वाक्य पहिल्या स्लाइडवर घ्या. मी समितीत असतो तर तिथेच खुर्ची पुढे ओढली असती.

आता एक जुनी गोष्ट, आपल्याच जिल्ह्यातली. पालघर वेगळा जिल्हा झाला २०१४ मध्ये, त्याआधी डहाणू-बोर्डी-कोसबाड ठाण्यातच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम उभं केलं, ते १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची पोरं शाळेत येत नाहीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. पोरं का येत नाहीत? गुरं राखायला जातात म्हणून. तेव्हा गुरं सोडा आणि शाळेत या असं म्हणत बसण्याऐवजी त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. कुरणशाळा. प्रशिक्षणाला आलेल्या गुरुजींना मी हे सांगायचो तेव्हा ते चटकन लिहून घ्यायचे, परीक्षेत येतं म्हणून. पण त्या दोघींनी आधी काय केलं असेल? मूल कुठे जातं ते बघितलं. तुमची दोनशे पानी वही तेच करतेय. ती जपा. झेरॉक्स काढून ठेवा, पावसाचं तुमच्या वर्गाशी वैर दिसतंय.

टी_मूल्य यांना एक सांगतो. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा हिशेब तपासलेला एक अभ्यास १९८५ चा आहे. गिऱ्हाईक म्हणून विचारलं तेव्हा जवळपास सगळी उत्तरं बरोबर, ९८ टक्के. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या गणिताच्या रूपात दिली तेव्हा ३७ टक्के. मुलं किती होती? पाच. जगभर गणित शिक्षणात आजही त्याचा दाखला देतात. ताईंचा रेशनवाला मुलगा वाचला आणि मला तेच आठवलं.

टी_मूल्य

सर, तो एक शोधनिबंध आहे. प्रबंध नाही. आणि त्या पाच जणांना गणितं कितीतरी घातली होती. यांच्याकडे एकच वाक्य आहे, तेही मुलाने स्वतः सांगितलेलं.

जुना_अधिव्याख्याता

हे मात्र मान्य. मुलगा काय म्हणाला ते आपल्याला मुलाकडूनच कळलं. गोरमाटी येणारं तिसरं माणूस त्या वर्गात नव्हतं.

अनुस्वार

भाषाशास्त्रवाल्यांपैकी मी एक, आमच्याकडे ढकललंय म्हणून बोलते.

आम्ही यातलं अर्धंच करू शकतो. मुलाने वाक्य कसं बदललं, काय गाळलं, 'बाई म्हणतात' हे पालुपद का लावलं, हे आमचं. ब्रायन हॅरिस यांनी १९७० च्या दशकात कॅनडात लिहून ठेवलंय की दोन भाषा येणारं कुठलंही मूल प्रशिक्षणाशिवाय भाषांतर करतं. पुढे अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांवर यावर भरपूर काम झालं, लुसी त्से यांचं १९९५ मधलं काम शोधा, तिथून धागा मिळेल. पण शाळा स्वतःच पालकांशी बोलायला त्याच मुलाला वापरते, ज्याच्याबद्दल तक्रार आहे, आणि हे कुणालाच विचित्र वाटत नाही. हा प्रश्न आमचा नाही, तुमचाच आहे. शिक्षण कुठे आहे विचारलं तर सांगा, पालक सभेत आहे.

एक गंमत. शाळेच्या नोंदीत मातृभाषेचा रकाना असतो, तुम्ही तो भरता. त्या मुलाच्या पुढे काय लिहिलंय ते बघा. पैज लावते, 'हिंदी' असेल. जनगणनाही तेच करते. २०११ च्या जनगणनेत बंजारी आणि लमाणी-लंबाडी या हिंदीच्या पोटात मोजल्या आहेत. वडारी तर तेलुगूच्या नात्यातली, तिचा हिंदीशी संबंधही नाही. रकाना जर असा भरलेला असेल तर टी_मूल्य म्हणतात त्या दहा शाळांच्या प्रश्नावलीत ही मुलं 'हिंदी भाषक' म्हणून विरघळून जातील. मोजायच्या आधी भाषा नीट विचारायला लागतील. गणेश देवींच्या पुढाकाराने झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड मराठीतच आहे, तो हाताशी ठेवा.

आणि संमतीपत्राचं काय करणार? पालकांची सही घ्यावी लागेल. पालकांना ते कोण वाचून दाखवणार? तोच मुलगा. म्हणजे ज्याच्यावर संशोधन त्यानेच आईला सांगायचं की माझ्यावर संशोधन करू दे. तो काय सांगेल देव जाणे. एखादी सायकलही मागून घेईल तुमच्या नावाने.

खडू_आणि_लोकल

@अनुस्वार, आत्ता जाऊन रजिस्टर बघितलं. 'हिंदी'. अक्षर माझंच. प्रवेशाच्या दिवशी विचारलं होतं की घरी काय बोलता, आणि पोरगा म्हणाला होता, "मराठी येतं मला." मी त्याला हिंदी करून टाकलं.

संमतीपत्राचं डोक्यातच आलं नव्हतं. आता तेच सगळ्यात आधी डोक्यात येतंय.

महापे_नाइटशिफ्ट

मी इथे फारसं लिहीत नाही. टेक सपोर्टला आहे, रात्रपाळीत वाचतो. हे वाचून राहवलं नाही.

मी तो मुलगा आहे. म्हणजे तो नाही, पण तसाच. तांड्यावरून आलो तेव्हा सहा वर्षांचा होतो, तुर्भ्याला खाणीच्या बाजूला राहायचो. याडीला (आईला) मराठी येत नव्हतं, बापूला कामापुरतं हिंदी. सगळीकडे मी. मीटरवाला आला, मी. शेजाऱ्याशी भांडण, मी. दोन्ही बाजूच्या शिव्या मीच पोचवायचो, त्या थोड्या बारीक करून.

तुम्ही छान लिहिलंय मॅडम, पण एक धोका सांगतो. तुम्हाला त्या मुलाचं कौतुक वाटायला लागलंय. मलाही लहानपणी सगळे हुशार म्हणायचे. मी दहा वर्षांचा असताना याडीला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी पिशवीबद्दल काहीतरी सांगितलं, काढावी लागेल म्हणाल्या. मला पिशवी म्हणजे बाजाराची पिशवी माहीत. मी विचारलं, कसली पिशवी? त्या नर्सकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, आईला सांग, तिला कळेल. मला त्याला आमच्यात काय म्हणतात माहीत नव्हतं, आणि जे थोडं कळलं ते याडीला माझ्या तोंडाने सांगायची लाज वाटली. मी सांगितलं, आराम कर म्हणाल्या. पुढचे आठ महिने याडीने आराम केला, म्हणजे काम केलंच, पण परत दवाखान्यात गेली नाही. मग एकदा खूपच झालं तेव्हा मावशी घेऊन गेली. याडी आज ठीक आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

त्यामुळे तुमच्या प्रबंधात मुलांचं कौशल्य, बहुभाषिकता, समृद्ध अनुभव वगैरे आलं की कुणीतरी लगेच म्हणणार, मुलं करतात की छान, मग माणूस कशाला नेमायचा? हे लक्षात ठेवा.

बल्बचं मात्र मस्त केलं त्याने. मी कधी स्वतःसाठी काही मागून घेतलं नाही, सुचलंच नाही.

टी_मूल्य

वरचं वाचलं. टक्केवारीच्या प्रश्नावलीत 'आराम कर म्हणाल्या' हे उत्तर कुठल्या रकान्यात बसलं असतं ते मला सांगता येणार नाही. तरी माझा आग्रह राहील की किती मुलं हे तरी आधी मोजा. निदान तीन शाळा. भाषेचा रकाना सोडून थेट विचारा: गेल्या महिन्यात कुणाकुणासाठी, कुठे कुठे बोलायला गेलात? हा प्रश्न चौथीच्या मुलाला कळतो. साधन मी तपासून देईन, पैसे नकोत.

जुना_अधिव्याख्याता

ताई, आणखी एक. स्वतःच्या वर्गावर करू नका. तुम्ही बाई आहात. तुम्ही विचारलंत तर कुठली आई नाही म्हणेल? हात जोडेल आणि सही करेल. दुसऱ्या शाळेत जा, तिथे तुम्ही नुसत्या पाहुण्या. अमेरिकेत टुसानला लुईस मॉल यांच्याबरोबर शिक्षक मुलांच्या घरी गेले होते, १९९२ मध्ये त्यांचं लिखाण आलं, लेखकांत एक शाळेतली शिक्षिकाही आहे. ते शिक्षक शिकवायला गेले नव्हते, घरात काय काय ज्ञान आहे ते बघायला गेले होते. कसे गेले, काय विचारलं, तेवढ्यासाठी वाचा. आपल्याकडे घरी जाण्याची सवय बीएलओने लावलीच आहे.

खडू_आणि_लोकल

तीन आठवड्यांनी येतेय. परीक्षा, पेपर तपासणी, घरात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.

बाईंकडे गेले. स्लाइड नेल्या नाहीत, वहीच नेली. 'घरकाम' लिहिलेल्या नोंदींवर मी आता हिरव्या पेनने खरं काय होतं ते लिहिलंय, ती पानं उलटून दाखवली. त्यांनी बरीच वाचली. मग म्हणाल्या, "तुझ्या हजेरीपत्रकाला हे माहीत नाही." मी म्हटलं, तेच तर. महापे_नाइटशिफ्ट, तुमचा प्रसंग नाव-गाव न सांगता त्यांना सांगितला. चालेल ना? नको असेल तर पुढे कुठेही येणार नाही.

शीर्षक अजून पक्कं नाही. साधारण असं: प्राथमिक शाळा आणि स्थलांतरित पालक यांच्या संवादात मुलांची दुभाषी म्हणून भूमिका. आधी 'दुभाषी कौशल्य' लिहिलं होतं, त्यातलं 'कौशल्य' बाईंनी स्वतःहून खोडलं. शाळा तीन, त्यात माझी नाही. आधी मोजणी (टी_मूल्य, तुमचा प्रश्न जसाच्या तसा घेतलाय, 'कुणाकुणासाठी' हा शब्द पोरांना फार आवडला), मग मोजक्या मुलांशी, आईवडिलांशी आणि त्यांच्या शिक्षकांशी बोलायचं. शिक्षकांना विचारायचंय की पालक सभेत पोराने काय सांगितलं ते तुम्ही कधी विचारलंत का. मी चौदा वर्षांत एकदाच विचारलं.

माझा तो मुलगा प्रबंधात राहणार नाही. फार तर प्रास्ताविकात एक परिच्छेद, असं बाई म्हणाल्या. याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. भागाकार त्याला अजून वहीत जमत नाही. पंचवीस किलोवरून सुरुवात करून बघितली, थोडं पुढे सरकलंय.

परवा वह्या तपासताना त्याला सहज विचारलं, संमतीला तुमच्याकडे काय म्हणतात रे? म्हणाला, "कोण कोणाकडून घेतंय?" मी म्हटलं, समज मी तुझ्या आईकडून. तो म्हणाला, "मग वेगळा शब्द."

तर आता एक मदत हवीय. रबाळे-तुर्भ्याकडे गोरमाटी किंवा वडारी बोलणारी, मराठी येणारी, मोठ्या वयाची, शक्यतो बाई माणूस, दोन-तीन रविवार माझ्याबरोबर येऊ शकेल का? मानधन देईन, फार नाही. मुलांना मध्ये घालायचं नाही हे नक्की केलंय.

महापे_नाइटशिफ्ट

प्रसंग वापरा, नाव नको.

माझी मावशी आहे, वर लिहिली ती. तुर्भ्यालाच राहते, मराठी फर्डं बोलते. रविवारी मोकळी असते. पण आधीच सांगून ठेवतो, तुम्ही म्हणाल ते ती तसंच्या तसं सांगेल याची खात्री मी देत नाही.